शिरगणती आणि मतगणती

प्रिय विद्यार्थिनीस,

सप्रेम आशीर्वाद. तुझ्या प्रबंधाचे तिसरे प्रकरण काल रात्री वाचून संपवले. 2012 मध्ये बराक ओबामा दुसऱ्यांदा निवडून आले ते अमेरिकेतील मतदारवर्गाचा चेहरामोहरा बदलल्यामुळे, हे तुझे म्हणणे चुकीचे नाही. परंतु ते एका वाक्यात सांगून तू ज्या सहजतेने पुढे सरकली आहेस, ती सहजता मला खटकली, म्हणून जरा सविस्तर लिहीत आहे.

आधी एक हिशेब कागदावर मांड. त्या वर्षीच्या एक्झिट पोलनुसार मतदान करणाऱ्या शंभर जणांपैकी 72 श्वेतवर्णीय, 13 कृष्णवर्णीय, 10 लॅटिनो (म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाचे) आणि 3 आशियाई होते, आणि या गटांतून ओबामांना अनुक्रमे 39, 93, 71 आणि 73 टक्के मते पडली. गुणाकार केलास की साधारण 28, 12, 7 आणि 2 असे आकडे हाती येतात. उरलेल्या दोघांतले एक मत धरून दशांशही मोजलेस, की बेरीज पन्नाशीच्या किंचित वर जाते. आता याच टक्केवाऱ्या 1980 च्या मतदारांना लावून बघ. तेव्हा शंभरात 88 श्वेतवर्णीय, 10 कृष्णवर्णीय आणि 2 लॅटिनो होते, त्यामुळे बेरीज 45 वरच थांबते. त्याच 1980 साली रिपब्लिकन पक्षाचे रोनाल्ड रेगन यांनी श्वेतवर्णीयांची 56 टक्के मते घेऊन 489 इलेक्टोरल मते (अध्यक्ष ज्यांच्या बहुमताने ठरतो ती राज्यवार मते) जिंकली होती, आणि 2012 मध्ये ओबामांविरुद्ध उभे असलेले त्याच पक्षाचे मिट रॉम्नी त्याच गटातून 59 टक्के मते घेऊनही 206 वर अडकले. (1980 मध्ये जॉन अँडरसन हे तिसरे उमेदवारही रिंगणात होते, याची तळटीप अवश्य दे.) तुझ्या प्रकरणाचा गाभा या दोन बेरजांमध्ये आहे, आणि तो वाचकाला असा हाताने करून दाखवला पाहिजे.

हा बदल आपोआप झाला, असे मात्र लिहू नकोस. 1965 साली अमेरिकेत दोन कायदे झाले. एकाने दक्षिणेतील कृष्णवर्णीयांच्या मताधिकारावरील अडथळे दूर केले आणि दुसऱ्याने मूळ देशानुसार ठरवलेली स्थलांतरितांची जुनी कोटापद्धत मोडून आशियाई लोकांना दार उघडले. न्यू जर्सीत आज जी मराठी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेली दिसतात, ती त्याच दाराने आत गेली. तरी दारातून आत जाणे आणि मतदानकेंद्रापर्यंत पोहोचणे यांत फार अंतर आहे. ग्रीन कार्डसाठी भारतीयांना किती वर्षे ताटकळावे लागते हे तुला घरच्या ओळखीतूनही ठाऊक असेल. ते हाती आल्यावरही नागरिकत्वाचा अर्ज करण्यापूर्वी सर्वसाधारणपणे पाच वर्षे जावी लागतात, आणि त्यानंतर मतदारनोंदणी उरतेच.

म्हणूनच शिरगणती आणि मतगणती यांची गल्लत करू नकोस. 2012 मध्ये लॅटिनो लोक लोकसंख्येत सुमारे 17 टक्के होते, मतदान करणाऱ्यांत केवळ 10 टक्के, कारण त्यांच्यातील पुष्कळ जण अठरा वर्षांखालील होते किंवा नागरिक नव्हते. जे पात्र होते त्यांना घराबाहेर काढण्यासाठी माणसे राबली. लास वेगासमध्ये हॉटेलांतील खोल्या आवरणाऱ्या आणि स्वयंपाकघरात काम करणाऱ्या कामगारांची संघटना दारोदार फिरली, त्या श्रमाला तुझ्या प्रकरणात एक ओळही नाही, याचे मला मनापासून वाईट वाटले. त्याच वर्षीच्या जून महिन्यात ओबामांनी लहानपणी अमेरिकेत आणल्या गेलेल्या, कागदपत्रे नसलेल्या तरुणांना हद्दपारीपासून दिलासा दिला, तर रॉम्नी अशा लोकांनी आपणहून देश सोडून जावे अशी परिस्थिती निर्माण करण्याची भाषा बोलत होते. मतदारांची संख्या वाढलेली होती. तिला दिशा या निर्णयांनी आणि शब्दांनी दिली. कृष्णवर्णीयांच्या मतदानाचे प्रमाण त्या वर्षी श्वेतवर्णीयांपेक्षा अधिक, म्हणजे 66.2 विरुद्ध 64.1 टक्के, असल्याचे जनगणना विभागाच्या पाहणीत दिसले, तेही लोकसंख्येच्या तक्त्यावरून कळले नसते.

आणि श्वेतवर्णीयांच्या त्या 39 टक्के मतांना क्षुल्लक समजू नकोस. मोटार उद्योग वाचवण्याच्या निर्णयामुळे ओहायो आणि मिशिगनमधील श्वेतवर्णीय कामगारांचा एक मोठा भाग ओबामांबरोबर राहिला होता. निकालानंतर मीही लिहिले होते की स्थलांतरितांविषयीचे धोरण मवाळ केल्याशिवाय रिपब्लिकन पक्षाला अध्यक्षपद मिळणे कठीण आहे. 2013 मध्ये त्या पक्षाच्या स्वतःच्या अहवालानेही जवळपास तोच सल्ला दिला. डोनाल्ड ट्रम्प यांनी नेमकी उलट वाट धरली आणि 2016 मध्ये मिशिगन, विस्कॉन्सिन व पेनसिल्व्हेनिया ही तीन राज्ये मिळून सुमारे 78,000 मतांच्या फरकाने जिंकली. माझा अंदाज चुकला, कारण एका निवडणुकीतील टक्केवाऱ्यांना मी त्या त्या समाजाचा स्थायीभाव मानले होते. तुझ्या शेवटच्या परिच्छेदात तीच चूक आहे.

टेक्सासमधील स्टार काउंटी बघ. रिओ ग्रँद नदीकाठच्या या परगण्यात जवळजवळ सगळी वस्ती लॅटिनो आहे. 2012 मध्ये ओबामांना तिथे 80 टक्क्यांहून अधिक मते होती. 2024 मध्ये तिथे ट्रम्प जिंकले, आणि 1892 नंतर प्रथमच तो परगणा रिपब्लिकन उमेदवाराच्या बाजूने गेला. दुसरे उदाहरण आपल्या माणसाचे. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार 2022 मध्ये डेट्रॉइटच्या ज्या मतदारसंघातून अमेरिकी संसदेत गेले, तिथे भारतीय मते मूठभर आणि कृष्णवर्णीय लोकसंख्या मोठी आहे. जातवार गणिते ऐकत वाढलेल्या आपल्या कानांना ही दोन्ही उदाहरणे अवघड वाटतात, म्हणूनच ती प्रकरणात असायला हवीत.

तर आता असे कर. दोन बेरजांनी आरंभ कर, नोंदणी आणि मतदानाचे प्रमाण यांवर स्वतंत्र भाग लिही, आणि स्टार काउंटीचे 2012 ते 2024 या चारही निवडणुकांचे आकडे एका तक्त्यात मांड. ‘अपरिहार्य’ हा शब्द प्रकरणात सात वेळा आला आहे. तो सगळीकडून काढ आणि त्या प्रत्येक जागी काय घडले ते लिही. सुधारलेला मसुदा दिवाळीपूर्वी पाठव, म्हणजे सुट्टीत मला तो निवांत वाचता येईल.

तुझा,
सर