तमाशा-दशावतारातली गॅसबत्ती घेताना

आधी टाकी उलटी करून बघा. गावात वीज आल्यावर अनेकांनी बुडाला भोक पाडून वायर ओढली आणि आत बल्बचा होल्डर बसवला. अशी बत्ती शोभेला ठेवा, पण नंतर कुणी ते भोक डाग देऊन बुजवलं असेल तरी तिच्यात रॉकेल भरून हवा मारू नका. दाबाखाली डाग कधी सुटेल, भरवसा नाही.

बत्ती खरंच रंगमंचावरची आहे का, हे बहुतेक वेळा पत्रा सांगतो. प्रेक्षकांच्या डोळ्यांवर झोत नको म्हणून एका बाजूला पत्रा अडकवत. त्याची आतली बाजू तापून निळसर-तपकिरी पडलेली असते. भंगारवाले तोच गंजका म्हणून काढून टाकतात आणि पितळ घासून चकचकीत करून दुप्पट भाव सांगतात! पत्रा असलेली मळकी बत्तीच घ्या.

पेट्रोमॅक्स हा एक ब्रँड, पण सगळ्याच गॅसबत्त्यांना पेट्रोमॅक्स म्हणून विकतात, तेव्हा टाकीवरचा शिक्का वाचा. ‘५०० सीपी’ म्हणजे कँडलपॉवर, प्रकाशाचं माप; मॉडेलचं साल नव्हे.

पंपाचा चामडी वॉशर सुकलेलाच मिळणार. तेलात भिजत घाला. जुन्या मेंटलमध्ये (तापून उजेड देणाऱ्या जाळीदार पिशवीत) मात्र थोरियम असतं, किरणोत्सारी. त्याची राख फुंकू नका, ओल्या फडक्याने टिपा.