मूळ कागद त्यांच्याकडे आहेत

"मॅडम, सगळेच करतात हे. मग मलाच का जड जातंय?"

नोकरीच्या त्रासामुळे माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारे बहुतेक जण या ना त्या शब्दांत हेच विचारतात. कुणाला मुलाखतीत लग्नाचा बेत विचारलेला असतो, कुणाकडून चाचणीच्या नावाखाली आठवडाभर फुकट काम करून घेतलेलं असतं, कुणाला रात्री अकराचा फोन उचलला नाही म्हणून सकाळी सगळ्यांदेखत ऐकवलेलं असतं. तक्रार मालकाची, पण प्रश्न स्वतःबद्दलचा. मी फारच नाजूक आहे का? माझ्यातच काही कमी आहे का? असं विचारणाऱ्या एका मुलीची ही हकिकत. तिची परवानगी घेतली आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पहिल्याच भेटीत ती म्हणाली, "मला अगं-तुगं करा, नाहीतर ऑफिसात बसल्यासारखं वाटतं." नोकरी बदलायची आहे, पण जमत नाही, असं तिचं म्हणणं होतं. बायोडेटा दाखवायला तिने फाइल उघडली. मुलाखतीला नेतात तशी, प्लास्टिकच्या कप्प्यांची. प्रत्येक कप्प्याच्या कोपऱ्यात सुबक अक्षरात चिठ्ठी: पदवी, गुणपत्रिका, अनुभवाचा दाखला. बायोडेटा सोडला तर सगळे कप्पे रिकामे.

"कागद कुठे आहेत?"

"मूळ कागद त्यांच्याकडे आहेत. रुजू होताना जमा करून घेतात. पडताळणीसाठी."

"किती दिवस झाले?"

"सात महिने," ती म्हणाली, आणि स्वतःच ओशाळल्यासारखी हसली.

फोन तिने मांडीवर पालथा ठेवला होता. तासाभरात तो नऊ वेळा थरथरला. दर वेळी तिची नजर माझ्याकडेच असायची, पण अंगठा फोनकडे गेलेला असायचा, आणि वाक्य अर्ध्यातच थांबायचं. नियम असा होता की साहेबांच्या मेसेजला दहा मिनिटांत उत्तर हवं, सुट्टी असली तरी. नाही दिलं तर साहेब रागवायचे नाहीत. ग्रुपवर तिचं नाव लिहून पुढे नुसतं प्रश्नचिन्ह टाकायचे. "ते प्रश्नचिन्ह मला झोपेत दिसतं," ती म्हणाली.

ती इथवर कशी पोचली ते मला महत्त्वाचं वाटलं. या नोकरीआधी चौदा महिने ती घरी होती. चार ठिकाणी 'नमुना काम' करून दिलं. त्यातल्या एका ठिकाणी आठ दिवस खपून पूर्ण मांडणी तयार करून दिली. नंतर उत्तरच आलं नाही, आणि काही महिन्यांनी तीच मांडणी त्यांच्या जाहिरातीत दिसली. एका एजन्सीने नोकरी लावून देण्याचे पैसे मागितले. (उमेदवाराकडून असे पैसे घेऊ नयेत हे खासगी रोजगार संस्थांबद्दलच्या 1997 च्या आंतरराष्ट्रीय करारात लिहिलेलं आहे. तिला ते माहीत असण्याचं कारण नव्हतं.) मग इथून होकार आला, आणि त्यांनी पुढे केलेल्या प्रत्येक कागदावर तिने सही केली. दोन वर्षांचा बाँडही, म्हणजे त्याआधी नोकरी सोडली तर पैसे भरावे लागतील असा करार, त्यातच होता. चौदा महिने नकार ऐकून दमलेल्या माणसाला होकारासोबत काय काय जोडलंय ते वाचायचं त्राण उरत नाही. याला लोक बावळटपणा म्हणतात. मला ते पटत नाही.

घरी वडिलांचं एकच पालुपद: हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नये.

आता माझी चूक. दुसऱ्या भेटीत मी तिला नकार द्यायला शिकवलं. शांत आवाज, छोटं वाक्य, कारणं द्यायची नाहीत. मी साहेब झाले, तिने सराव केला, छान जमलंही. त्या आठवड्यात तिने खरोखर सांगितलं की रात्री नऊनंतर मला उत्तर देता येणार नाही. दुसऱ्या दिवशी बैठकीत सगळ्यांसमोर तिला ऐकायला मिळालं, "तुझ्यात भूकच दिसत नाही." पुढच्या भेटीला ती आली नाही. दाराच्या फटीत ज्याचा पाय अडकलाय त्याला मी पळायला शिकवत होते. आधी पाय सोडवायला हवा होता.

तीन आठवड्यांनी ती परत आली, तेव्हा आम्ही नकाराचं नावच काढलं नाही. तिच्याकडून मागितल्या जाणाऱ्या सगळ्या गोष्टी कागदावर लिहून काढल्या आणि प्रत्येकीपुढे एकच प्रश्न ठेवला: हे नसेल तर काम अडेल का? यातून जे निघालं त्याचं मलाही नवल वाटलं. तिचा सगळ्यात जास्त राग साप्ताहिक अहवालावर होता, आणि अहवाल ही अगदी रास्त मागणी निघाली. महिनाअखेरीला दोन दिवस उशिरा थांबणंही तसंच. अडत नव्हतं ते रात्रीच्या मेसेजांवाचून. त्यातले बहुतेक सकाळी पाहिले असते तरी चाललं असतं. मूळ कागदांपाशी आल्यावर तिचं पेन थांबलं.

"पडताळणीला किती दिवस लागतात?" मी विचारलं.

"आठवडा. आणि झेरॉक्सवरही होते."

"मग?"

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "मी जाऊ नये म्हणून ठेवलेत. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, मॅडम."

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सक्तीचं काम ओळखण्यासाठी 11 खुणा सांगितल्या आहेत. ओळखपत्रं किंवा मोलाच्या वस्तू मालकाने स्वतःकडे ठेवणं ही त्यातली एक. मागितल्यावर त्या मिळत नसतील, आणि नोकरी सोडली तर त्या बुडतील अशी भीती असेल, तर ते लक्षण धरावं असं त्यात म्हटलं आहे. हे तिला सांगावं की नाही याचा मी बराच विचार केला. तिचा पगार वेळेवर होत होता, ती रोज घरी जात होती. एका खुणेवरून तिला वेठबिगार ठरवणं चुकीचं झालं असतं, आणि ती अजून खचली असती. तरी सांगितलं, कारण तिला हा आपला भित्रेपणा वाटत होता. जगभरच्या कामगारांच्या अनुभवातून तयार झालेल्या यादीत तीच गोष्ट पाहिल्यावर ती खुर्चीत जरा सरळ बसली.

तासांचंही असंच. "जास्त होतात" एवढंच ती म्हणायची. मी एक आठवडा नोंद ठेवायला सांगितली, रात्रीच्या मेसेजांसकट. बेरीज 61 आली. दिवसाला 8 आणि आठवड्याला 48 तास ही उद्योगांसाठीची मर्यादा 1919 सालच्या, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या पहिल्याच करारात आहे. जागतिक आरोग्य संघटनेने कामगार संघटनेसोबत 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला 55 किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना 35 ते 40 तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्क्यांनी जास्त असतो. आकडे दाखवून घाबरवणं मला एरवी आवडत नाही. पण ही मुलगी हिशेबाची होती, तिला माझ्या धीराच्या शब्दांपेक्षा बेरीज पटली. "म्हणजे मी नाजूक नाही," ती म्हणाली, "तास जास्त आहेत."

बाँडचं माझ्या आवाक्यातलं नव्हतं. त्याचा कायदा देशागणिक वेगळा असतो, आणि समुपदेशकाने वकिली करू नये. मी तिला कामगार कायदा पाहणाऱ्या वकिलाकडे पाठवलं. तिथून ती एक वाक्य घेऊन आली: सही केली म्हणून प्रत्येक अट आपोआप वसूल करता येते असं नसतं. रकमेचं काय होऊ शकतं ते त्यांनी तिला नीट समजावलं होतं, आणि तो आकडा तिच्या मनातल्या आकड्यापेक्षा बराच लहान होता.

उरले कागद. मेल तिने माझ्यासमोर बसून लिहिला. पहिला मसुदा अकरा ओळींचा होता. त्यात 'तसदीबद्दल क्षमस्व' तीनदा, 'शक्य असल्यास' दोनदा, आणि कर्जासाठी बँकेला कागद दाखवायचे आहेत अशी एक थाप. थाप तिची तिनेच काढली. "उद्या कुठलं कर्ज म्हणून विचारतील, मग अजून एक खोटं बोलावं लागेल." क्षमस्व काढायला जास्त वेळ लागला. तिसरं काढताना तर तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला चप्पल काढून ऊन्हात उभं राहायला सांगतेय. शेवटी एवढंच उरलं:

"रुजू होताना मी माझी मूळ प्रमाणपत्रे आपल्याकडे जमा केली आहेत. यादी सोबत जोडली आहे. पडताळणी पूर्ण झाली असल्याने ती परत मिळावीत. कोणत्या दिवशी येऊन घ्यावीत ते कृपया याच मेलवर कळवावे."

नोकरी सोडण्याचा उल्लेख नाही, कायद्याचा नाही, धमकी नाही. 'याच मेलवर' हे दोन शब्द मात्र मी तिला ठेवायला लावले. तोंडी मागितलं की तोंडीच टोलवतात, आणि टोलवल्याचा कुठे मागमूस राहत नाही.

चार दिवस उत्तर नाही. पाचव्या दिवशी साहेबांनी केबिनमध्ये बोलावून विचारलं, "विश्वास नाही का आमच्यावर?" या प्रश्नाची तयारी आम्ही केलेली होती. "आहे सर. कागद माझ्याकडे ठेवायचेत, म्हणून मागते." तिने तेच वाक्य दोनदा म्हटलं. तिचे हात थरथरत होते, आणि ते त्यांना दिसलेही असावेत असं तिने मला सांगितलं. सहाव्या दिवशी तिने तोच मेल पुन्हा पाठवला. अकराव्या दिवशी कागद मिळाले. अनुभवाचा दाखला सोडून. तो 'सापडत नव्हता'. तो आधीच्या कंपनीकडून नव्याने काढावा लागला, आणि त्यात तिचा महिना गेला.

ती त्या नोकरीत अजून चार महिने राहिली. पुष्कळांना हे आवडणार नाही, कागद हातात आल्याबरोबर तिने राजीनामा फेकायला हवा होता असं वाटेल. तिला दुसरी नोकरी मिळेपर्यंत पगार हवा होता, आणि ते मला रास्त वाटलं. रात्रीचे मेसेज तिने एकदम बंद केले नाहीत. दहा मिनिटांचा अर्धा तास केला, मग तासभर. प्रश्नचिन्हं येत राहिली.

शेवटच्या भेटीत तिने नव्या ठिकाणच्या मुलाखतीचं सांगितलं. त्यांनीही नमुना काम मागितलं होतं. तिने विचारलं, किती तासांचं आहे, आणि निवड झाली नाही तर तुम्ही ते वापरणार का? समोरच्या बाई क्षणभर थांबल्या, मग म्हणाल्या, "दोन तासांचं आहे. वापरणार नाही, मेलवर लिहून देते."

"दिलं का लिहून?"

तिने फोन उघडून मेल दाखवला. मग तो पिशवीत टाकला, आणि निघेपर्यंत बाहेर काढला नाही.