नेतृत्वाची घाई कशाला?

पुणे

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम नमस्कार.

सैद्धांतिक भौतिकीतून पुढे विद्यापीठाच्या नेतृत्वाकडे जायचे असेल तर आतापासूनच समित्यांवर काम करावे का, असे तू विचारले आहेस. माझे उत्तर ‘इतक्यात नको’ असे आहे.

अमेरिकन सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ शर्ली अ‍ॅन जॅक्सन यांचा प्रवास पाहा. 1973 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेची पीएच.डी. घेऊन त्यांनी 1976 ते 1991 या काळात बेल लॅब्ज या संशोधन प्रयोगशाळेत संशोधन केले, मग रटगर्स विद्यापीठात अध्यापन, 1995 पासून अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाचे अध्यक्षपद, आणि त्यानंतर 1999 मध्ये रेन्सेलेअर पॉलिटेक्निक या विद्यापीठाची धुरा.

मला मात्र अधिक बोलके वाटते ते आपल्या गणेशखिंडीतले उदाहरण. 1988 मध्ये आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था स्थापन झाली आणि जयंत नारळीकर तिचे संचालक झाले, तेव्हा त्यांनी गुरू फ्रेड हॉइल यांच्यासह मांडलेल्या हॉइल-नारळीकर गुरुत्वाकर्षण सिद्धांताला चोवीस वर्षे होऊन गेली होती. संचालकपदी असतानाच, 1993 मध्ये, हॉइल आणि खगोलशास्त्रज्ञ जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी विश्वाच्या स्थिर स्थितीची, म्हणजे विश्वाला महास्फोटासारखा आरंभ नाही या मताची, सुधारित मांडणी केली. बहुतेक विश्वशास्त्रज्ञांना ती पटली नाही. पण ज्यांचे काम महास्फोटाच्या चौकटीतच चालत होते, त्या पद्मनाभन आणि वरुण साहनी या विश्वशास्त्रज्ञांना त्याच संस्थेत पूर्ण मोकळीक होती. स्वतःचे मत न सोडता विरुद्ध मताला खोली, निधी आणि विद्यार्थी देणे ही माझ्या मते नेतृत्वाची सर्वांत अवघड कसोटी आहे, आणि एखाद्या प्रश्नाशी वर्षानुवर्षे झुंजल्याशिवाय ती कोणाला साधत असेल असे मला वाटत नाही.

कुलगुरूंचे काम आणखी वेगळे. (संशोधन संस्थेला संलग्न महाविद्यालये नसतात, हे तिचे सुखच!) समीकरणातील लहान पदे आपण निर्धास्त वगळतो, पण परीक्षेनंतर 45 दिवसांत निकाल लावण्याचे कायद्याचे बंधन असताना एका परीक्षा केंद्राच्या उत्तरपत्रिका वगळता येत नाहीत. म्हणून 2016 चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा सवडीने वाच, आणि विद्यापीठाच्या अधिसभेपुढे (सिनेटपुढे) येणारे अंदाजपत्रकही. त्यासाठी समितीवर असावे लागत नाही.

विभागप्रमुखपदाचा आग्रह झालाच, तर हातातला संशोधननिबंध पूर्ण होईपर्यंत मुदत माग, आणि आठवड्यातील दोन सकाळी स्वतःच्या गणितासाठी राखून ठेवीन, हे होकार देण्यापूर्वीच लेखी कळव.

तुझा,
सर