लाइट गेली ४० मिनिटं, राग राहिला ३ तास

मे संपत आला की रत्नागिरीत माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्यांचा हा प्रश्न हमखास असतो. कधी दुबईहून कायमचा परतलेला मुलगा, कधी कॅनडाहून सुट्टीला आलेली सून. "मॅडम, पूर्वी हे सगळं चालायचं. आता सहनच होत नाही. तिकडे राहून मी बिघडलो का?"

गुहागरकडचा एक चाळिशीतला इंजिनीअर (तपशील बदललेत). नऊ वर्षं जर्मनीत, आता आईसाठी परतलेला. लाइट, नेटवर्क, येतो सांगून न येणारा प्लंबर, यादी संपेना. सोबत आलेली आई हळूच म्हणाली, "झावळ पडली असेल रे वायरवर. येईल वायरमन." तो तिच्यावरच खेकसला.

मी विचारलं, "जर्मनीत रविवारी दूध संपलं तर?"

"संपत नाही. रविवारी दुकानं बंद, शनिवारीच आणून ठेवतो."

"घरात इंटरनेट यायला किती दिवस लागले?"

"पाच आठवडे."

"किती चिडलात?"

"तिथे पद्धतच तशी..." आणि तो गप्प झाला.

सहनशक्ती शाबूत होती त्याची. तिथली गैरसोय त्याला नियम वाटे, इथली अपमान. 'असं होताच कामा नये' हा हट्ट घटनेपेक्षा जास्त भाजतो, हे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस १९५५ पासून सांगत आले. परतल्यावर पुन्हा जुळवून घ्यावं लागतं, हे संशोधक गलाहॉर्न दांपत्याने १९६३ मध्ये मांडलं. जाताना माणूस तयारी करतो. घरी परतताना कशाला करेल?

त्याला वहीत तीन रकाने आखायला लावले: काय घडलं, किती मिनिटं गेली, राग किती वेळ टिकला. १४ दिवस, त्याच रात्री लिहायचं. दुसऱ्या दिवशी लिहिलं की मिनिटं फुगतात आणि राग आटतो.

वही उघडून तो वाचू लागला. "लाइट ४० मिनिटं. राग ३ तास. आईशी अबोला, जेवण राहिलं..." आणि स्वतःच हसला. हे मी पहिल्याच दिवशी सांगू शकले असते. मुद्दाम नाही सांगितलं. सांगितलेलं दारापर्यंतही टिकत नाही.

मग चौथा रकाना आला: इथलं 'शनिवारचं दूध' कोणतं? लाइट आहे तोवर सकाळीच पंप लावून टाकी भरणं. इन्व्हर्टरच्या बॅटरीत पावसाआधी डिस्टिल्ड वॉटर बघणं. १५० एएच (अँपिअर-अवर) क्षमतेची चांगली बॅटरी दोन पंखे, चार एलईडी दिवे आणि राउटर सहा-सात तास ओढते. फ्रीज जोडला की गणित कोसळतं. तारेजवळच्या झावळ्या मेमध्येच उतरवायच्या, पण वीज कार्यालयाला सांगून, पुरवठा बंद करवून.

सगळंच सोसा, असं मात्र मी म्हणत नाही. तुटून पडलेली तार ही गैरसोय नव्हे, धोका आहे. तिथे लांब राहायचं, ताबडतोब कळवायचं, तक्रारीचा नंबर लिहून घ्यायचा आणि पिच्छा सोडायचा नाही.

जुलैत त्याचा फोन आला. प्लंबर अजून आलेला नव्हता. "मॅडम, आई वही मागतेय. तिला माझ्यावर किती वेळ राग येतो, ते लिहायचंय म्हणे."