रेसच्या आधीची की नंतरची?

मातीच्या ट्रॅकवर पळणाऱ्या जुन्या अमेरिकन स्टॉक कारच्या मॉडेलांबद्दल गेल्या अंकात दोन पानं लिहिली आणि संपादकांकडे अकरा पत्रं आली. एखादं येईल, तेही शिव्यांचं, अशी माझी अपेक्षा होती. ज्यांनी तो लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कोल्हापुरात पस्तीस वर्षं मी दुकानांच्या पाट्या, ट्रकचे फाळके आणि नंबरप्लेटी रंगवल्या. फ्लेक्स आला आणि हात रिकामे झाले. मुलगा नॉर्थ कॅरोलायनात डरहॅमला नोकरी करतो. एका सुट्टीत त्याने मला प्लॅस्टिकच्या गाडीचं किट आणून दिलं, ‘बाबा, बसून तरी काय करताय’ म्हणून. तेव्हापासून बसलेलोच आहे. स्टॉक कार म्हणजे शोरूममधून निघालेली घरगुती गाडी, तीच शर्यतीत उतरवलेली. यातली पाच-सहा पत्रं आज घेतो.

आमच्या अंगणातली जांभ्याची लाल माती गाडीला लावली तर चालेल का? परदेशी पिगमेंटची बाटली परवडत नाही.
*— एक वाचक, चिपळूण*

रंग चालेल, कण चालणार नाही. मिठाचा बारीक कण चिमटीत धरून बघा. पाव-तृतीयांश मिलिमीटरचा असतो. आपली गाडी खऱ्याच्या पंचविसाव्या भागाएवढी, म्हणजे तो कण तिच्या टपावर वाटाण्याएवढा झाला. अंगणातली माती नुसती चाळून लावली की गाडीवर खडी पसरल्यासारखी दिसते. माझ्या पहिल्या गाडीवर ती अजून आहे.

रंगाच्या बाबतीत मात्र तुम्ही नशीबवान आहात. डरहॅमपासून जवळच हिल्सबरो नावाचं गाव आहे. तिथे ऑकोनीची स्पीडवे हा मातीचा ट्रॅक होता, ०.९ मैलांचा. नॅसकार ही या शर्यती भरवणारी अमेरिकन संघटना. तिच्या शोरूमच्या गाड्यांच्या शर्यतींच्या पहिल्याच हंगामात, १९४९ ला, तिथे रेस झाली आणि १९६८ मध्ये शेवटची. आता तिथे जंगल आहे आणि ट्रॅकची पायवाट झाली आहे. प्रेक्षकांच्या सिमेंटच्या पायऱ्या झाडांत तशाच उभ्या आहेत. मुलगा मला तिथे घेऊन गेला. पाऊस पडून गेला होता, पायाखाली उघडी माती दिसली आणि मला आंबा घाट उतरल्यासारखंच वाटलं. दोन्हीकडच्या मातीत लोखंडाचा गंज आहे, लाली त्याचीच. फक्त तिथली माती चिकण आणि किंचित नारिंगी. माती विमानात आणायची नसते, म्हणून रंगाच्या दुकानातून फुकटचं शेडकार्ड घेऊन गेलो होतो. त्यावरच्या जुळणाऱ्या दोन चौकोनांवर पेन्सिलीने खूण केली. धंद्याची सवय.

घरी येऊन त्या खुणेला जुळवलं ते असं: गेरू दोन भाग, पिवडी एक भाग, मुलतानी माती एक भाग. तिन्ही वेगवेगळे खलात घोटायचे आणि मलमलच्या दुहेरी फडक्यातून गाळायचे. बोटांत चोळल्यावर पिठीसाखरेपेक्षा मऊ लागलं पाहिजे. सगळ्याचा खर्च एका चहा-भज्यांत बसतो.

आता लावायचं कसं, यापेक्षा कधीची माती लावायची हे आधी ठरवा. रेसच्या आधी ट्रॅकवर पाणी मारतात. पहिल्या फेऱ्यांत ओली माती ढेकळांनी उडते आणि पुढच्याच्या चाकाखालून मागच्याच्या तोंडावर बसते. ट्रॅक सुकत गेला की नुसती धूळ. म्हणजे आधी डाग, त्यांच्यावर धूळ, असे दोन थर. बहुतेकजण उलटं करतात, किंवा एकाच दिवशी सगळं फासतात, आणि गाडी कॅरोलायनात पळून आल्यासारखी न दिसता शेतात अडकल्यासारखी दिसते. पहिल्या थरासाठी ही पूड मॅट ॲक्रिलिक रंगात कालवायची, जुन्या टूथब्रशवर घ्यायची आणि अंगठ्याने उडवायची. दुसऱ्या थरासाठी कोरडी पूड मऊ ब्रशने सोडायची. केमिस्टकडे आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, त्याचा थेंब कडेला टेकवला की ते पसरतं आणि पूड जागेवर बसते. वरून वार्निश मारू नका. धूळ गडद होऊन चिखल होतो.

आणखी एक. या शर्यतीत वळणं सगळी डावीकडे. मातीवर गाडी वळताना शेपटी बाहेर, उजवीकडे फेकली जाते, म्हणून ड्रायव्हर पुढची चाकं उलटी, उजवीकडे वळवून धरतो. गाडी तिरकी सरकते आणि उजवं अंग पुढे राहतं. तेव्हा उजव्या बाजूला माती जास्त हवी. दोन्ही बाजू सारख्याच माखलेली गाडी दिसली की समजावं, करणाऱ्याने रेस बघितलेली नाही. मीही बघितलेली नाही म्हणा, पण जुनी चित्रफीत खूप बघितली.

आणि तुमची गाडी फ्लोरिडातल्या डेटोनाची असेल तर लाल माती विसराच. १९५८ पर्यंत तिथली शर्यत अर्धी डांबरी रस्त्यावर आणि अर्धी समुद्राच्या वाळूवर व्हायची. मार्शल टीग या ड्रायव्हरने हडसन कंपनीची ६ नंबरची गाडी घेऊन तिथली १९५१ ची शर्यत जिंकली. त्या गाडीवर फिकी वाळू आणि खारं पाणी वाळल्याचे ओघळ. चिपळूणकरांना तेही गुहागरला जाऊन बघता येईल.

जुन्या फोटोत १९४० च्या फोर्ड कूपेची मागची बाजू वर उचललेली दिसते. माझ्या किटमध्ये गाडी सपाट बसते. चूक कोणाची?
*— अकरावीतला विद्यार्थी, कराड*

कोणाचीच नाही रे. किट कारखान्यातून निघालेल्या गाडीचं आहे आणि फोटो हातभट्टीवाल्याच्या.

तुझ्या गावाजवळ वडापची जीप रिकामी परत येताना बघितली आहेस का? मागून टणाटण उडते. पंधरा माणसं बसवायची म्हणून मालकाने पाटे वाढवलेले असतात. भरली की सपाट, रिकामी की बूड वर. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या डोंगरांत नेमकं हेच चालायचं, फक्त माणसांऐवजी दारू. रात्री पोलिसांना चुकवून गावठी दारू शहरात न्यायची, तर भरलेली गाडी खाली बसून संशय यायला नको. म्हणून मागचे पाटे कडक करायचे. जोरदार इंजिन आणि निष्पाप चेहरा यासाठी फोर्डची कूपे, म्हणजे दोन दारांची गाडी, सगळ्यांच्या आवडीची. हीच पोरं रविवारी मातीवर एकमेकांशी शर्यत लावू लागली. ज्युनियर जॉन्सन हा पुढे नॅसकारच्या ५० शर्यती जिंकलेला माणूस. १९५६ मध्ये वडिलांच्या भट्टीवर पकडला गेला आणि तुरुंगात गेला. थेट १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी त्याला माफी दिली.

पाट्यांवरून तर नॅसकारच्या शोरूमच्या गाड्यांच्या पहिल्याच रेसचा निकाल फिरला. १९ जून १९४९, शार्लट, पाऊण मैलाचा मातीचा ट्रॅक, २०० फेऱ्या. ग्लेन डनवे १९४७ ची फोर्ड घेऊन पहिला आला. तपासणीत दिसलं की मागचे पाटे फाकवलेले आहेत, भट्टीवाल्यांची युक्ती. गाडी शोरूममध्ये होती तशीच हवी हा नियम, म्हणून तो बाद. कॅन्ससहून लिंकन घेऊन आलेल्या जिम रोपरला विजेता ठरवलं. गाडीचा मालक कोर्टात गेला आणि हरला.

तर आता तूच ठरव. दारूची गाडी, परतीच्या वाटेवरची, असेल तर मागे चासी आणि पाटा यांच्यामध्ये स्प्रूची, म्हणजे किटचे भाग ज्या प्लॅस्टिकच्या काडीला जोडलेले येतात तिची, पातळ चकती घाल. चार मिलिमीटरपेक्षा जास्त उचलू नकोस. या फोर्डला मागे एकच आडवा पाटा असतो, तेव्हा चकती मधोमध. दोन्ही टोकांना दोन घातल्यास तर गाडी एका अंगाला कलेल आणि मग मला पुन्हा पत्र लिहिशील.

किटमधले आकड्यांचे स्टिकर पिवळे पडले आहेत आणि पाण्यात टाकले की तुकडे होतात. नवे मागवायचे तर किटएवढे पैसे. काय करू?
*— एक वाचक, नागपूर*

आधी स्टिकर वाचवायचा उपाय सांगतो, मग खरं मत. पारदर्शक पिशवीत घालून कागद काचेच्या खिडकीला चिकटवा, तोंड उन्हाकडे. नागपूरच्या उन्हात आठवड्या-दोन आठवड्यांत पिवळेपणा पुष्कळ उतरतो. मग त्यावर ग्लॉस क्लिअरचा पातळ हात मारा, वाळवा, आणि आकडा कापून एकेक पाण्यात सोडा. तुकडे होणार नाहीत.

खरं मत असं की स्टिकर लावूच नका. त्या काळी या गाड्यांवर आकडे कोण रंगवत होतं? गावातला पेंटर. माझ्यासारखाच एखादा, गॅरेजच्या दारात बाकडं टाकून, उधारीवर. त्याचे आकडे छापील असूच शकत नाहीत. हर्ब थॉमसची ९२ नंबरची हडसन हॉर्नेट बघा. तंबाखूच्या मुलखातला हा माणूस १९५१ आणि १९५३ ला चॅम्पियन झाला. हडसनने १९५२ मध्ये ३४ पैकी २७ शर्यती मारल्या, त्याही व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, नसताना, एका ओळीतल्या सहा सिलिंडरवर. तिच्या अंगावर ‘फॅब्युलस हडसन हॉर्नेट’ ही अक्षरं लांबलचक पसरलेली आहेत. फोटो मोठा करून बघितला की ब्रश कुठे टेकला आणि कुठे उचलला ते मला दिसतं. स्टिकरमध्ये तो हात येत नाही.

बॉडीचा रंग ॲक्रिलिकचा घ्या आणि चार दिवस पूर्ण वाळू द्या. आकडा ऑइलपेंटचा. कारण सोपं आहे: बिघडला तर कापडाच्या टोकाला टर्पेंटाइन लावून पुसता येतो, खालचा ॲक्रिलिक हलत नाही. तीनदा पुसा, कोण बघतंय? आधी मऊ पेन्सिलीने वरची आणि खालची रेघ. मनगट पट्टीवर टेकवा, बोटं हलवू नका, हात हलवा. आणि गोल आकडे रेघेच्या केसभर बाहेर जाऊ द्या. ९ चं डोकं २ च्या तळाच्या सपाट रेघेसारखं मापात बसवलंत तर ते बुटकं दिसतं. हे मला गुरूंनी पहिल्या महिन्यात शिकवलं होतं, डोक्यात टपली मारून.

पांढऱ्याचे दोन पातळ हात. एकच जाड हात दिला की कडा उचलतात आणि वर धूळ लावताना त्या कडांना माती अडकते.

जुलैत स्प्रे मारला तर चकचकीत काळा रंग दुधाळ झाला. डबा खराब निघाला का?
*— एक वाचक, दादर*

डबा चांगला आहे, महिना खराब आहे. स्प्रेमधला थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतलं पाणी ओल्या रंगात बसतं. तोच दुधाळपणा. कोरड्या दिवशी त्याच रंगाचा अगदी पातळ, ओला हात पुन्हा दिला तर बहुतेक वेळा निघून जातो. मी स्वतः एक अख्खी हडसन अशी घालवली आहे, ३० जुलैला, ‘आज ऊन आहे’ असं म्हणून. आता मृगापासून हस्तापर्यंत मी फक्त कापतो, घासतो आणि चिकटवतो. चासी, इंजिन, आतला पिंजरा. बॉडी दसऱ्यानंतर.

जाता जाता: काच फेविक्विकने चिकटवू नका, वाफेने पांढरी होते. फेविकॉल पुरे. तसंही या गाड्यांना बाजूच्या काचा बऱ्याचदा नसतात. दारं उघडू नयेत म्हणून पट्ट्याने बांधलेली असायची. तो पट्टा मात्र करा. जुन्या घड्याळाच्या चामडी पट्ट्याची आतली पातळ साल काढा, दीड मिलिमीटर रुंद कापा.

१/२४ आणि १/२५ यात खरंच फरक पडतो का?
*— एक वाचक, पुणे*

शेल्फवर नाही, भाग अदलाबदल करताना पडतो. १/२४ म्हणजे फुटाला अर्धा इंच, इंचात विचार करणाऱ्यांचं माप. १/२५ मध्ये खऱ्या गाडीचा एक इंच जवळजवळ बरोबर एक मिलिमीटर होतो. अमेरिकन गाड्यांची मापं इंचात असतात आणि आपली पट्टी मिलिमीटरची, त्यामुळे मला तरी १/२५ सोयीचं. ११२ इंचांचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर? ११४ मिलिमीटर धरा, मोकळे व्हा. ऑकोनीचा अख्खा ट्रॅक या मापात ५८ मीटर होतो. आमच्या गल्लीत बसेल, मधला दत्त मंदिराचा चौथरा सोडून.

आमचे हे निवृत्त बँक मॅनेजर. दोन महिने खपून गाडी चकचकीत करतात आणि मग तिला चिखल फासतात. हे कुठलं लक्षण समजायचं?
*— एक गृहिणी, सांगली*

वहिनी, लक्षण चांगलं आहे. घरात बसून चुका काढण्यापेक्षा बरं. त्यांना एकच विचारा: ही गाडी रेसच्या आधीची की नंतरची? उत्तर पटकन आलं तर काळजी नको. ‘बघू, कशी जमते’ असं म्हणाले तर चिखल त्यांच्या हातून काढून घ्या.

आणि एक विनंती, ती गाडी कामवाल्या मावशींच्या हाती लागू देऊ नका. आमच्याकडे दिवाळीच्या साफसफाईत सौभाग्यवतींनी शोकेस आवरली. तीन आठवडे थर देऊन बसवलेली माती एका ओल्या फडक्यात गेली. नंतरची गाडी आधीची झाली. वर मलाच ऐकवलं, ‘किती घाण साठवून ठेवली होती.’ ९२ चा आकडा मात्र जागचा हलला नाही. ऑइलपेंट होता.