संगणक-शंका : हार्ड डिस्कला वीज कुठून द्यायची?

प्रश्न : ऑफिसातून निघालेला जुना डेल पीसी घेतला आहे. त्यात ४ टीबीची दुसरी हार्ड डिस्क बसवायची आहे, पण एसएमपीएसमधून (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यातून) डिस्कसाठी वायरच येत नाही. मदरबोर्डवरच्या छोट्या पांढऱ्या सॉकेटमधून एक वायर निघते, ती पहिल्या डिस्कला लागली आहे. जेल रोडवरून मोलेक्सचा (जुन्या चार पिनी वीज-प्लगचा) अडॅप्टर आणला, तर तो खोचायला जागा नाही. एसएमपीएसच बदलून टाकू का? – एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : नको. बाजारातला साधा एसएमपीएस तुमच्या बोर्डाला बहुधा लागणारच नाही. डेल, एचपी, लेनोव्होच्या बऱ्याच ऑफिस मॉडेलांत मुख्य प्लग नेहमीचा २४ पिनांचा नसतो. एसएमपीएस मुख्यतः १२ व्होल्ट पुरवतो आणि ५ व्होल्ट मदरबोर्डच तयार करतो. डिस्कची वायर बोर्डातून निघते ती म्हणूनच.

सरळ उपाय म्हणजे एका साटा टोकाची (आजच्या डिस्कना लागणाऱ्या चपट्या प्लगची) दोन करणारा स्प्लिटर. साटा पॉवर कनेक्टरमध्ये १५ पिना असतात. १२ व्होल्टच्या वाट्याला त्यातल्या तीन, प्रत्येकी दीड अँपिअरच्या, म्हणजे एकूण साडेचार अँपिअर. साडेतीन इंची डिस्क फिरायला लागताना साधारण २ अँपिअर ओढते. दोन डिस्क चालतील, तिसरी त्याच वायरवर लावू नका. एक एसएसडी आणि एक हार्ड डिस्क असेल तर काळजीच नाही.

स्प्लिटर घेताना किमतीपेक्षा कनेक्टरची पाठ बघा. वायरी ओतीव प्लॅस्टिकमध्ये गाडलेल्या असतील तर परत करा. अशा स्वस्त कनेक्टरात वायरी आत सरकून शेजारच्या पिनेला टेकतात, आणि शॉर्ट पुरेसा मोठा नसला तर एसएमपीएस बंदही पडत नाही. प्लॅस्टिक वितळत राहतं. मागची टोपी उघडते आणि वायर पात्यात दाबून बसवलेली दिसते, तो प्रकार घ्यावा.

बोर्डाची मूळ केबलच बदलायची असेल तर मॉडेल नंबर सांगून मागवा. ‘सहा पिनी द्या’ एवढ्यावर भागत नाही, कारण खाच सारखी असली तरी आतल्या वायरींचा क्रम कंपनीगणिक वेगळा असतो. नवी वायर आधी रिकामी लावून पीसी सुरू करा आणि मल्टीमीटरने मोजा. काळा प्रोब काळ्या वायरीवर, पिवळीवर ११.४ ते १२.६, लालवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट यायला हवेत. मग पीसी बंद करून डिस्क जोडा. बोर्डवर साटा डेटाचा पोर्ट मोकळा आहे ना, तेही खरेदीआधीच बघा. आणि कुणी प्रोसेसरचा चार पिनी प्लग कापून त्यातून वीज काढून देतो म्हणाला, तर पीसी उचलून घरी या.

प्रश्न : बाहेरून लावायच्या मोठ्या डिस्कचं कव्हर उघडून आतली डिस्क पीसीत बसवली. फिरतच नाही. परत कव्हरात घातली की चालते. – एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : डिस्क ठणठणीत आहे. जुन्या व्यवस्थेत पॉवरच्या पहिल्या तीन पिना ३.३ व्होल्टच्या होत्या. साटा प्रमाणाच्या ३.३ क्रमांकाच्या आवृत्तीपासून तिसऱ्या पिनेला ‘डिस्क बंद ठेव’ हा इशारा देण्याचं काम मिळालं. तुमच्या एसएमपीएसची नारिंगी वायर तिथे सतत ३.३ व्होल्ट देते आणि डिस्क इमानदारीत बंद राहते.

डिस्कवर डेटा कनेक्टरच्या बाजूने मोजलेल्या पहिल्या तीन पिना कॅप्टॉन टेपच्या (उष्णता सोसणाऱ्या पिवळसर चिकटपट्टीच्या) साडेतीन मिलिमीटर रुंद पट्टीने झाका. साध्या साडेतीन इंची डिस्कला ३.३ व्होल्ट लागत नाहीत. सेलोटेप वापरू नका, उष्णतेने तिचा गोंद सुटून पिनांवर पसरतो. एसएमपीएसला मोलेक्स टोक असेल तर चार वायरींचा मोलेक्स-साटा अडॅप्टरही चालेल, त्यात नारिंगी वायरच नसते. मात्र काही कव्हरांतलं सर्किट डेटा एन्क्रिप्ट करतं, म्हणजे सांकेतिक रूपात कुलूपबंद करतं, त्यामुळे पीसीत तो वाचता येत नाही. आधी डेटा दुसरीकडे उतरवून घ्या.

प्रश्न : नव्या मॉड्युलर (केबली सुट्या काढता-लावता येणाऱ्या) एसएमपीएसला जुन्याची केबल लावली, बसली व्यवस्थित. आता डिस्क जोडली की पीसी सुरूच होत नाही. काढली की होतो. – एक वाचक, राजवाडा परिसर, इंदूर

उत्तर : मॉड्युलर केबलच्या एसएमपीएसकडच्या टोकाला कोणतंही सर्वमान्य प्रमाण नाही, एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही क्रम बदलतो. पाच व्होल्टच्या जागी बारा गेले असावेत. अशा वेळी डिस्कच्या सर्किटवरचा टीव्हीएस डायोड हा संरक्षक भाग शॉर्ट होतो, म्हणून डिस्क जोडली की पीसी सुरू होत नाही. जास्तीचा व्होल्टेज स्वतःवर घेणं हेच त्याचं काम. नुकसान तेवढ्यावरच थांबलं असेल तर तो डायोड काढल्यावर डिस्क योग्य केबलवर चालू शकते, पण संरक्षण गेलेलं असतं. डेटा उतरवा आणि ती डिस्क बाजूला ठेवा. डेटा महत्त्वाचा असेल तर हे घरी न करता डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या. तशाच दुसऱ्या डिस्कचं सर्किट काढून लावण्याने सहसा काम होत नाही, कारण त्या-त्या डिस्कची स्वतःची जुळणी सर्किटवरच्या चिपमध्ये साठवलेली असते.