वाचकांचे प्रश्न : अणुवीज आणि सरकारी नियम

प्रश्न : अमेरिकेत अणुऊर्जा आयोग असताना १९७४ मध्ये तो मोडून वेगळा नियामक आयोग का नेमला?

उत्तर : १९५४ च्या कायद्याने खासगी वीज कंपन्यांना अणुभट्ट्या बांधायची मुभा मिळाली. त्यांना प्रोत्साहन द्यायचं आणि परवाने देऊन त्यांची तपासणीही करायची, ही दोन्ही कामं त्या आयोगाकडेच होती. साठच्या दशकाअखेर अर्जांची रीघ लागली तशी टीकाही वाढली. १९७१ मध्ये कॅल्व्हर्ट क्लिफ्स या अणुवीज केंद्राच्या खटल्यात न्यायालयाने, आयोग पर्यावरणाचा विचार पुरेसा करत नाही, असं सुनावलं. १९७४ च्या कायद्याने संशोधन व विकास एका नव्या संस्थेकडे गेला आणि परवाने व तपासणी अणु नियामक आयोगाकडे. हे काम १९ जानेवारी १९७५ ला सुरू झालं. आमच्या मते ही फारकत बरीच आधी व्हायला हवी होती.

प्रश्न : अणुवीज केंद्रात सुरक्षा यंत्रणेच्या केबलमध्ये २० फूट अंतर लागतं म्हणे. हा नियम आला कुठून?

उत्तर : नियम अमेरिकेतला, १९८० चा, कारण ब्राउन्स फेरीची आग. अलाबामातल्या या केंद्रात केबल भिंतीतून आरपार जातात तिथल्या फटी फोमने बुजवत होते. गळती शोधायला मेणबत्ती धरायची. ज्योत झुकली की तिथून हवा जाते. २२ मार्च १९७५ ला हवेच्या ओढीने ज्योत आत खेचली गेली आणि फोम पेटला. आग सुमारे सात तास चालली, सोळाशेहून अधिक केबलचं नुकसान झालं. मुख्य आणि पर्यायी यंत्रणांच्या केबल जवळजवळ होत्या, त्यामुळे पहिल्या भट्टीची आपत्कालीन शीतन यंत्रणा हातची गेली. विजेच्या भीतीने पाणी मारायला उशीर केला. मारल्यावर आग लवकर आटोक्यात आली. इंधनाला इजा झाली नाही.

नुसते २० फूट मात्र पुरत नाहीत, आणि हेच अनेकदा विसरलं जातं. भट्टी सुरक्षित बंद करायच्या दोन यंत्रणांच्या केबल एकाच विभागात असतील, तर आडवं अंतर २० फूट, मधे जळण्याजोगं काहीही नाही, शिवाय आगीची सूचना देणारी आणि आपोआप विझवणारी यंत्रणा, असं सगळं एकत्र लागतं. नाहीतर तीन तास टिकणारी आगरोधक भिंत. एक तासाचं आवरण चालतं, पण सूचना व विझवण्याच्या त्याच दोन सोयींसह. पुढे कुणी त्या मोकळ्या पट्ट्यातून नव्या केबलचा ट्रे नेला, तर त्या केबलचं आवरणच जळण ठरतं आणि अंतर मोजून उपयोग राहत नाही.